हातमोजे कुणाला द्यायचे

अल-खोबर, शुक्रवार, मार्च २००४

सलीमचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. आमच्या वेल्डरांच्या कॅम्पचा गोलकीपर. या मैदानावर मगरिबची, सूर्यास्ताची, अजान झाली की खेळ थांबतो, म्हणून आज ती ऐकू येताच तो सवयीने हात खाली सोडून उभा राहिला. आजचा रेफरी नवीन, त्याने अजून शिट्टी वाजवलीच नव्हती. बॉल सलीमच्या शेजारून आत गेला आणि गोल धरला गेला.

नमाजला जाताना सलीमने हातमोजे काढून माझ्या पुढ्यात ठेवले. वेल्डिंगचेच, चामड्याचे. टीमकडे तेवढी एकच जोडी. पोरं ओरडत होती, "दादा, कोच ना तुम्ही? बदला त्याला!" राखीव कीपर प्रकाशने तर हातमोज्यांसाठी हात पुढेही केला.

मी ते मांडीवर घेऊन बसलो. आतून घामाने ओले होते. इतका जीव तोडून खेळणाऱ्याला बाहेर बसवायचं? सलीम परत आला, त्यालाच दिले.

"दादा, परत चुकलो तर?"

"तर चुकलास. घाल."

नंतर त्याने एकही बॉल आत जाऊ दिला नाही. तरी त्या एका गोलाने हरलोच.

बसमध्ये प्रकाश शेजारी येऊन बसला. हळूच म्हणाला, "दादा, मी चुकलो असतो तर मलाही ठेवलं असतंत?"

"अरे, म्हणजे काय!" म्हणालो. मनापासून म्हणालो. पण चुकायला आधी मैदानात उतरावं लागतं, आणि ते हातमोजे मी त्याच्या हाती अजून एकदाही दिलेले नाहीत.