गच्चीवरची टाकी

मोंगला, भाद्र महिना

आम्मा, तुला सलाम.

माझ्या पायांची सूज उतरली, आता रडू नकोस. खाट विटांवर चढवली आहे, त्यामुळे पाणी घरात आलं तरी मी कोरडीच असते.

खाऱ्या पाण्यानं रक्तदाब वाढतोय, बाळासाठी पावसाचंच पाणी पी, असं डॉक्टर आपांनी बजावलं होतं. पण ते साठवायला गच्चीवर टाकी ठेवू म्हटलं की घरमालकीण सालेहा खाला म्हणायची, "छत गळलं तर तुझा नवरा भरून देणार का?"

परवा भरतीचं पाणी तिच्याही चुलीत शिरलं. मी पागोळ्यांखाली भरलेल्या मडक्यातल्या पाण्याचा चहा तिला नेऊन दिला. घोट घेतला तशी तिनं अर्धा कप एका दमात संपवला. मग म्हणाली, "किती वर्षांनी चहाला चव आली गं! आण तुझी टाकी. पण पहिली कळशी माझी."

काल बायकांनी दोरानं टाकी वर चढवली. मी दोराला हातही लावला नाही, नुसती ओरडत होते, शपथ!

आब्बांचा खोकला कसा आहे? आपलं तळं अजून गोडं आहे ना?

भाईला मला न्यायला पाठवू नकोस. बाळंतपण इथंच होईल, तूच ये. गल्लीत आणखी टाक्या बसवायच्या आहेत. सकाळपासून खालाच शेजारच्या घरमालकाशी भांडते आहे, "छत काही पडत नाही रे, पडलं तर मी बघते!"

तुझ्या कुशीची आठवण काढणारी,
मोर्शेदा