धाकट्याचा हात

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पुस्तकबांधणी, डोके ठिकाणावर ठेवून आणि कोणाच्याही धाकाला न जुमानता लिहून ठेवतो की, माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

राहते घर चिरंजीवास. छत गळते हे त्याला ठाऊक आहे, तेव्हा नंतर कुरकुर नको. कपाट व त्यातले सगळे सूनबाईंस. या घरात वस्तू जागच्या जागी ठेवणारी ती एकटीच.

बांधणीचे दुकान, कटिंग मशीन आणि शिवणीच्या सुया माझ्या धाकट्या भावास. चिरंजीवाने तोंड वाकडे करू नये. कारण सांगतो.

वडिलांच्या वेळी दुपारी दुकानात आम्ही चौघे, म्हणजे मी, धाकटा, शेजारचा घड्याळवाला आणि समोरचे दातांचे डॉक्टर, पत्ते खेळत असू. राजा, राणी, गुलाम यांपैकी एकही नाही अशा फुसक्या पानांना आता गावभर 'धाकट्याचा हात' म्हणतात. नाव घड्याळवाल्याने पाडले, पण त्याला कारण मी. पत्त्यांच्या कॅटच्या कडा कुरतडल्या होत्या, म्हणून मी तो मशीनवर छाटला. सगळी पाने एका दाबात बसेनात, तेव्हा चित्रांची पाने वेगळी कापली; ती केसभर अरुंद निघाली. इथवर चूक प्रामाणिक होती. पण वाटताना अंगठ्याला फरक कळला आणि मी गप्प बसलो. धाकट्याच्या पाळीला चित्र आले की ते मागे धरून त्याला खालचे पान देत असे. तो माझ्यापेक्षा सरस खेळायचा, ते मला सोसत नव्हते.

वडिलांनी त्याचे हे रोजचे हरणे पाहिले, 'याच्या हाताला यश नाही' म्हणाले आणि दुकान माझ्या नावे केले. धाकटा जन्मभर दुसऱ्यांच्या दुकानात पुस्तके शिवत राहिला. तेव्हा ही दया नव्हे. त्याचे त्याला.

मंगळवारी त्याला बोलावून हा कागद इथवर वाचून दाखवला. वाटले, उठून जाईल. तो म्हणाला, "दादा, अरे मीपण बाइंडरच ना. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू जिंकलास की घरी जाताना माझ्याशी गप्पा मारायचास. एरवी कुठे बोलायचास?"

कलम कायम.

साक्षीदार : घड्याळवाले (सही), समोरचे दातांचे डॉक्टर (सही). धाकट्याला लाभ होत असल्याने त्याची सही चालत नाही. तो सकाळपासून शेजारी बसला आहे, आणि मी त्याला जा म्हणत नाही.

ठिकाण : दुकानाची मागची खोली
दिनांक : ९ मार्च
(सही) थोरला