फुफीचं दूध

९ नोव्हेंबर ५८, दारव्हा
मंगनी झाली. झाली अन् मोडायलेही आली, एकाच दुपारी. फुफीनं, म्हणजे अब्बाच्या बहिणीनं, बांगड्या चढवल्या, पेढा भरवला, अन् बायांसमोर लाडात येऊन म्हणे, "ही सून कायची, माझीच पोर. लहानपणी माझं दूध पेली हे!" आमच्या मौलानांची बायको तिथंच होती. तिनं पेढा खाली ठेवला. "मग तुमचा करीम हिचा दूधभाऊ झाला की. एका दुधाच्या भावा-बहिणीचा निकाह कसा होईन?"
फुफीच्या हातात अजून एक बांगडी तशीच होती.

१० नोव्हें.
फुफीले विचारलं, खरंच पाजलं? "तुही अम्मी तापानं पडली होती. तू रडून राह्यली होती. करीम मांडीवर होताच, तुलेही घेतलं." मी पेली का? "पेलीच असशीन."
असशीन! या 'असशीन'वर माझा संसार? अम्मीले विचारलं तर, "मी बेसुध होती माय, मले काय ठाऊक." शाळेत शिकवताना पोरींवर विनाकारण खेकसली. चौथीतली एक रडली.

१४ नोव्हें., शुक्रवार
जुम्म्यानंतर अब्बा मौलानांकडे गेलते. ते म्हणाले, एक घोट पोटात गेला तरी दूधभाऊ. शक असला तरी सोडा, खबरदारी बरी. अब्बा मान हलवत घरी.
माझं डोकं फिरलं. ईदेच्या आदल्या दिवशी आभाळ आलतं, चांद दिसला नाही. रेडिओवर चांद दिसल्याची खबर आली, तर हेच मौलाना म्हणत होते, रेडिओची खबर चालत नाही. अब्बानं ऐकलं? दुसऱ्या मशिदीत जाऊन ईद पढले, घरी येऊन शिरखुर्मा खाल्ला. तेव्हा खबरदारी कुठं गेलती? तोंडावर म्हणलं.
"ते वेगळं, हे वेगळं."
काहून वेगळं? ती त्यायची ईद होती अन् हे माझं लग्न, म्हणून?
मले करीमच पाहिजे. कोणी विचारत नाही, म्हणून इथं लिहिलं.

१७ नोव्हें.
करीम पांढरकवड्याहून आला. तिथं ट्रकच्या गॅरेजात आहे तो. तिथल्या मौलवींले विचारून आला. बैठकीत अब्बाले सांगून राह्यला होता, मी आतून ऐकलं. एकट्या बाईच्या बोलण्यावर हे साबित होत नाही म्हणे. दोन मर्द पाहिजेत साक्षीले, नाहीतर एक मर्द अन् दोन बाया.
वा! पोराले दूध पाजताना खाटेजवळ दोन मर्द बसवायचे होते तर! माझ्याच बाजूची गोष्ट, तरी अंगाची लाही झाली. वरून ते मौलवी म्हणे, फुफीचं खरं मानायचं का नाही, ते पोरा-पोरीनं पाहावं.
गॅरेजात एक रत्नागिरीकडचा आहे, शाफई पंथाचा. तो म्हणतो, आमच्यात पाच वेळा पोटभर पाजलं तरच दूधभाऊ.
अब्बा म्हणाले, "आपण हनफी. लग्नापुरतं शाफई होता येत नाही."
रेडिओ ऐकून ईद केली तेव्हा अब्बा कोण होते, हे मी नाही विचारलं. दातओठ खाऊन बसली.

१९ नोव्हें.
फुफी येऊन रडली. आता म्हणते कुराणावर हात ठेवून सांगतो, पाजलंच नाही. त्या दिवशी 'पेलीच असशीन', आज कसम! मी तिचा हात धरला. "फुफी, खोटी कसम नको खाऊ. माझ्यासाठी तर बिलकुल नको."
तिचा राग येते अन् कीवही. मायेनंच बोलली बिचारी.

२२ नोव्हें.
अब्बा म्हणाले, "आता तूच सांग."
आता! इतके दिवस सारे मर्द बसून माझ्या तोंडातले घोट मोजून राह्यले होते, अन् गुनाह माझ्या एकटीच्या माथ्यावर. फुफीचं मानलं तर करीम भाऊ. नाही मानलं तर नवरा, अन् जन्मभर मनात किडा. उद्या लेकरं झाली तर लोक त्यायले काय काय म्हणतीन, ते आजच ऐकू येते.
जेवली नाही. अम्मीनं ताट झाकून ठेवलं.

२३ नोव्हें., रविवार
करीम आला. घरी मी एकटीच. दारातूनच म्हणे, "जुबेदा, काय ठरवलं?"
आमच्यात दूधभावापुढं पडदा नसते, होणाऱ्या नवऱ्यापुढं असते. दाराचा पडदा माझ्या मुठीत होता. नुसता बाजूले सारून समोर आली असती, तरी त्याले जबाब भेटला असता, की तू भाऊ.
नाही सारला. मागंच उभी राह्यली.
करीम म्हणे, "बरं." चपला वाजल्या, गेला.
अब्बाकडं गेला का मौलानांकडं, ठाऊक नाही. त्याले समजलं का, तेही ठाऊक नाही. पडद्यावर माझ्या मुठीच्या चुण्या पडल्या. भीती नाही ही. राग आहे.