चिंचेनं घासलेल्या पुंगळ्या

४ मार्च १९८४, डब्लिन, ओहायो
सुहासला हॉस्पिटलमधून घरी आणलं. जबडा तारांनी बांधलाय. गॅस स्टेशनवर तिघांनी बेसबॉलच्या बॅटनं झोडपलं, 'तुझ्या देशात परत जा' म्हणत. दोन दात तिथंच पडले. पेज स्ट्रॉनं पितो. पाटीवर लिहून दाखवतो, 'सोड ना, विद्या.' काय सोड? नवरा माझा आहे. मला त्या तिघांची हाडं मोडायची आहेत, एकेक करून.

११ मार्च
रिव्हॉल्व्हर घेतलं. शेजारचा वॉल्टर शिकवतो. सत्तरीचा, लष्करातून रिटायर झालेला, तोंडाचा फटकळ. कागदावरच्या आकृतीला मनातल्या मनात चेहरा दिला आणि झाडल्या. छातीत, मग तोंडात. खोटं कशाला लिहू, मजा आली. सुहास त्या पिस्तुलाकडे बघतही नाही.

१७ मार्च
गोळ्या भराभर संपतात. वॉल्टर गराजमध्ये झाडलेल्या गोळ्यांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरतो. आधी धुवायच्या, मग पूर्ण वाळवायच्या. "आत थेंब राहिला तर दारू भिजते, गोळी नळीत अडकते. त्यावर पुढची झाडलीस की नळीच फुटते." घासायला त्याच्याकडे मशीन आहे, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालून चालतं. हसूच आलं. पितळ मला शिकवतोय! चिंच-मीठ लावून देवाची उपकरणी घासते तशा घासल्या, खळखळून धुतल्या, टॉवेलवर पसरल्या. लखलखीत. म्हातारा बघतच राहिला.

२४ मार्च
त्या तिघांचा पिकअप ट्रक घरासमोरून गेला आणि बाटली आत आली. खिडकीची काच सोफ्यावर, सुहासच्या केसांत. मान कापली, कॉलर लाल. फोनवर पोलीस विचारतो, गाडीचा नंबर घेतलात का? नवऱ्याच्या मानेतली काच काढत होते मी!
पुंगळ्यांचा दुसरा ढीग धुऊन ओला पडलेला. बाहेर बर्फ, बेसमेंट दमट, कधी वाळायच्या? पापड भाजतो तशा ओव्हनच्या ब्रॉइलरखाली, वरच्या जाळाखाली, सरकवल्या. पोलिसांशी भांडण्याच्या नादात विसरले. निळ्या-जांभळ्या होऊन निघाल्या. त्यात काय, पुन्हा चिंच. डाग गेले. संध्याकाळी वॉल्टरकडे भरल्या, आधीच्यांच्याच डब्यात टाकल्या. त्यातल्याच सहा रिव्हॉल्व्हरमध्ये.

३१ मार्च
ओव्हनची युक्ती वॉल्टरला कौतुकानं सांगितली. पांढराफटक पडला. भाजलेल्यांतली एक न भरलेली घरी उरली होती, ती आणायला लावली, पकडीत दाबली. कागदी पेल्यासारखी चेपली.
"यू कुक्ड देम! भाजलं की पितळ मऊ पडतं. पिस्तुलातच फाटेल, तुझ्या तोंडावर. कुठल्या भाजल्यास?"
काय सांगू? सगळ्या सारख्याच चकचकीत. चिंच लावली नसती तर रंगावरून तरी कळलं असतं. त्यानं अख्खा डबा काढून घेतला, गराज मला बंद. मेल्या हातांची चीड आली, माझ्याच.
रिव्हॉल्व्हरमधल्या सहांबद्दल बोलले नाही. रिकामं पिस्तूल घेऊन त्या हरामखोरांची वाट बघू? सोमवारी दुकानातून नव्या आणीन. सुहासला काही सांगितलं नाही. तो कुठं हात लावतोय.

१ एप्रिल, रविवार
दुपारी आले. तिघंही. बॅटनं आमच्या गाडीच्या काचा फोडल्या, मग दारावर धाडधाड. मी किचनमध्ये पोलिसांना फोन करत होते. वळून बघते तर सुहासनं ड्रॉवर उघडलेला. दार उघडून पायरीवर उभा, रिव्हॉल्व्हर पहिल्याच्या कपाळावर रोखलेलं. मी किंचाळले, "चाप ओढू नको! तुझ्याच तोंडावर फुटेल!" त्यांना मराठी कुठलं कळायला. पळाले. सुहास हसला. हिरड्यांतून रक्त येत होतं तरी हसत होता.
सगळं सांगितलं. म्हटलं, दे इकडे, रिकामं करते. तारांमधून म्हणाला, "सहाच्या सहा भाजलेल्या नसतील ना?"
हिसकावायला गेले तर कोपर मारलं. ओठ फाटला. लग्नापासून माझ्यावर कधी आवाजही चढवला नव्हता त्यानं. असा नवरा मीच मागत होते का?
दारासमोर खुर्ची घेऊन बसलाय. मी किचनमध्ये ओठाला बर्फ लावून हे लिहितेय. पोलीस अजून आले नाहीत. कोपऱ्यावरून एक गाडी वळली, सावकाश इकडेच येतेय. पोलिसांची की त्यांची, इथून दिसत नाही. सुहास उठलाय.