आधी तिचा घास

शनिवार संध्याकाळ, पामर्स्टन नॉर्थ

तो घास डोळ्यांसमोरून हलत नाही. दुपारी मी, आई आणि माझी लेक मीरा केहिंदेकडे जेवायला गेलो. माझ्याच वॉर्डातली नायजेरियन नर्स. तिची जुळी बहीण तान्हेपणीच गेली. त्यांच्या योरुबा लोकांत गेलेल्या जुळ्याची लाकडी बाहुली करतात, तिला न्हाऊ घालतात, भरवतात. केहिंदेने आधी बाहुलीच्या ओठांना चवळीचा घास लावला, मग आम्हाला वाढलं.

मला धास्ती आईची. आमच्या मीराचाही जुळा भाऊ जन्मताच गेला. आई तो विषय काढू देत नाही. पण ती त्या बाहुलीकडेच बघत राहिली.

आत्ता मीराला वरणभात भरवताना आईने एक इवला घास ताटाच्या कडेला ठेवला.

"हू इज दॅट फॉर, आजी?"

"तुझ्या भावाला."

"व्हॉट्स हिज नेम?"

आईने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मनातच ठेवलेलं नाव मी मोठ्याने घेतलं.