भास्करभावोजी, बोल्ट निघाला

ट्रकची केबिन, डावीकडची सीट
शनिवार, सकाळी दहा

श्री. भास्करभावोजी यांस,

पद्मजावहिनीचा नमस्कार आणि आशीर्वाद (नात्याने मोठी असल्यामुळे आशीर्वाद द्यावे लागतात; आज मनापासून देते आहे असा समज करून घेऊ नका). तुमचे गुडघे, विमलाचा दमा आणि चिपळूणची हवा, तिन्ही बरी असावीत. आम्ही इकडे ठणठणीत आहोत. इंजिनसुद्धा. हे वाक्य दोनदा वाचा.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विमलाला विचाराल. फोनवर तुम्ही मध्येच बोलता. कागदावर तुम्हाला तोंड घालता येत नाही. हा कागद मी चिपळुणात तुमच्या नाक्यावरच्या पानवाल्याकडे देऊन पुढे वाशीला जाणार आहे. चहाला उतरणार नाही. अक्षर हललेलं दिसेल, तो रस्त्याचा दोष आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी वेलांटी वाकडी गेली म्हणून माझ्या बोटांवर पट्टी मारलेली आहे.

बुधवारी तुम्ही फोनवर जे तारे तोडलेत ते मी विसरलेले नाही. पाडव्याला ट्रक धुऊन, हार घालून, नारळ फोडून या मोसमाची पहिली खेप काढायची, ही तुमच्या दादांची पद्धत. ते गेल्यावरही मी ती मोडली नाही. त्याच सकाळी इंजिनातून टण् असा आवाज आला, आणि सायलेन्सरकडे धूर नेणारा जो लोखंडी हात इंजिनाला बसवलेला असतो, त्याचा एक बोल्ट मधोमध तुटला. अर्धा ड्रायव्हर काशीरामच्या हातात, अर्धा इंजिनात. मग फटफट आवाज, काळा धूर, आणि चढावर ट्रकची गत तुमच्यासारखी. मी तुम्हाला फोन केला, कारण तुम्ही एसटीच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं काढलीत आणि गेल्या साली ते बोल्ट तुम्हीच बसवले होते. तुम्ही काय विचारावं? गरम इंजिनावर पाणी कोणी ओतलं! भावोजी, मी तीस वर्षं विमा कार्यालयात दावे तपासले. असले बिनबुडाचे आरोप मी पहिल्या पानावरच फेटाळत असे. पुढे तुम्ही म्हणालात की हेड, म्हणजे इंजिनाचं अख्खं डोकं, उतरवल्याशिवाय तुटका बोल्ट निघणारच नाही, आठ दिवस जातील, आणि वहिनी, हा बायकांचा धंदा नव्हे, विकून टाका ट्रक. आणि फोन ठेवलात. एकशे साठ पेट्यांचा आंबा उतरवून झालेला, आणि तुम्ही फोन ठेवलात.

मिरजोळ्याच्या गॅरेजवाल्यानेही तुमचीच री ओढली (तुम्ही सगळे एकाच गुरूकडे निराश व्हायला शिकलात की काय?). हेड उतरवा, चार दिवस लागतील. मी म्हटलं, चार दिवसांत माझ्या हापूसचा आमरस होईल. तो म्हणाला, मग आमरस विका. मी त्याच्याकडे फक्त पाहिलं. तो आत निघून गेला.

मग मी सरळ मिरकरवाड्याला, मासळीच्या बंदरावर गेले. विचार साधा होता: ज्यांची इंजिनं बारा महिने खारं पाणी पितात, त्यांना गंजलेला बोल्ट काढता येत नसेल तर कोणाला येईल? तिथे सखाराम म्हणून ट्रॉलरचा मिस्त्री आहे. तो बर्फ फोडायच्या यंत्राशेजारी मासळीच्या टोपलीवर बसला होता, आणि मी नाकाला पदर लावला नाही, हे नोंदवून ठेवा. तो आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बाय, ह्याच्याशी भांडायचा नाय. ह्याला समजवायचा."

आता नीट वाचा, तुम्हाला उपयोग होईल. त्याने आधी बॅटरीची वायर सोडली. तुटलेल्या बुंध्यावर एक वायसर ठेवला, त्यावर नट, आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग करून नट त्या बुंध्यालाच चिकटवला. लाली जाईपर्यंत थांबला. मग गरम बुडख्याला (हसू नका) देवघरातली मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शिरलं. पाना लावून त्याने आधी आवळायच्या बाजूला केसभर फिरवला, मग सोडायच्या, पुन्हा आवळायच्या. काशीराम म्हणाला, "जोर लावा वो!" सखाराम म्हणाला, "जोर लावून तर तुटला ना रे?" पंधरा मिनिटांत बोल्ट बाहेर. हेड जागेवर. आठ दिवसांचे तुमचे पाढे मी त्याला सांगितले, तर तो नुसता हसला. सभ्य माणूस आहे.

तेव्हा ट्रक विकला जाणार नाही. तुम्ही पाहून ठेवलेल्या गिऱ्हाइकाला तसं कळवा. मी स्वतः खेपेबरोबर वाशीला चालले आहे, काशीरामला गाणी बदलू देत नाही, आणि अडुसष्टाव्या वर्षी मला याहून सुखाची सीट मिळालेली नाही.

विमलाला आशीर्वाद. तुम्हाला वर दिलेत तेवढे पुरेत.

तुमची वहिनी,
पद्मजा

ता. क. सावर्डे. दुपारचा एक. आम्ही थांबलो आहोत. फटफट पुन्हा सुरू झाली आहे. सखारामचा बोल्ट जागच्या जागी घट्ट आहे. त्याच्या शेजारचा तुटला. तोही तुम्हीच बसवलेला.

ता. क. २. इथला वेल्डिंगवाला फक्त गेट आणि खिडकीच्या जाळ्या करतो. इंजिन म्हटल्यावर त्याने दुकानाला जेवणाची सुट्टी दिली. मोबाइल काशीरामकडे आहे, पण त्याच्यादेखत तुम्हाला फोन करणं मला जमणार नाही. म्हणून पत्र चिपळूणच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. तुमचं नाव सांगितल्यावर त्याने तिकिटाची पेटी बाजूला ठेवून नमस्कार केला. (त्याला तुमचा खरा स्वभाव माहीत नसावा.)

ता. क. ३. तुमचं वेल्डिंगचं मशीन, वायसर, नट, नवा बोल्ट आणि मेणबत्ती घेऊन या. कृती वर लिहिलीच आहे, तशीच करा, मध्ये स्वतःची अक्कल लावू नका. ही मदत मागितलेली नाही, बोलावणं आहे.

ता. क. ४. पाणी मी ओतलं होतं. विहिरीचं, एक बादली. काशीराम ट्रक घेऊन पेट्रोल पंपावरून नुकताच आला होता, इंजिन तापलेलं होतं, "नको वो बाय" म्हणत होता. पण पूजेला बसणारी वस्तू आतून काळी कशी चालेल? हे विमलाला वाचून दाखवू नका.

ता. क. ५. रिक्षा करून या, एसटीची वाट पाहू नका. पेट्यांना वास सुटायला लागला आहे.