शिल्लक रजेचा मानकरी

६ ऑक्टोबर, सोमवार

एचआरबाईंचा मेल. या वर्षापासून शिल्लक रजा पुढच्या वर्षात जाणार नाही. ३१ डिसेंबरला जी उरेल ती बुडाली. सोबत सगळ्या ऑफिसच्या शिलकीची यादी. पहिलं नाव माझं. चोवीस. दुसऱ्या नंबरवाल्याकडे फक्त नऊ. स्पर्धाच नाही.

शेजारच्या टेबलावरची फॅनवाली (बारा महिने समोर छोटा फॅन लावून बसते, म्हणून हे नाव, तिला माहीत नाही) म्हणाली, अभिनंदन. मी थँक्यू म्हटलं. जेवताना शंका आली की तो टोमणा असावा.

एक बारीक गोष्ट. यादीत माझी वर्षभरात घेतलेली रजा शून्य दाखवली आहे. मार्चमध्ये दादा गेला तेव्हा मी एक दिवस ऑफिसला नव्हतो. पाच दिवस मिळत होते, मी एकच घेतला, दुसऱ्या दिवशी खुर्चीत हजर. तो एक दिवसही यादीत नाही. एचआरची चूक. माझ्या फायद्याची आहे, म्हणून बोललो नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

मेलबद्दल हिला सांगितलं. खरं तर चोवीसचा आकडा सांगायचा होता. ही म्हणाली, मग वहिनींकडे जाऊन या.

वहिनी भाड्याचं घर डिसेंबरअखेर सोडून मुलीकडे राहायला जाणार. दादाची मागची खोली अजून तशीच आहे. हत्यारं, फळ्या, भुसा. वहिनींचं म्हणणं, भावजींनी एकदा येऊन बघावं, काय ठेवायचं, काय देऊन टाकायचं ते सांगावं, मग मी आवरीन. दादा रिटायर झाल्यावर सुतारकाम शिकला होता. शेवटी शेवटी माझ्यासाठी आरामखुर्ची करत होता. फेब्रुवारीत त्याचा फोन आला होता, एकदा ये, पाठीचं माप घ्यायचंय. मी म्हटलं, रजा मिळणं कठीण आहे.

हिला म्हटलं, बघतो. बसने चार तास. काही अवघड नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

तत्त्व लिहून ठेवतो. सगळी रजा संपवणारा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. चोवीस दिवस तुझ्यावाचून चाललं, तर पंचविसाव्या दिवशी तू कशाला?

माझं तसं नाही. आमची कंपनी लिफ्टचं सर्व्हिसिंग करते. कोणता मेकॅनिक कोणत्या बिल्डिंगमध्ये जाणार याचं वेळापत्रक सिस्टिम रोज सकाळी काढते. पण मी 'मंजूर'चं बटण दाबेपर्यंत एकही माणूस, एकही पान्हा हलत नाही. शहरातले लोक दहाव्या मजल्यावर सुखरूप पोचतात, त्यामागे हे बोट आहे. शिवाय बटण दाबलं की त्या दिवसाची माझी हजेरीही लागते. एका दगडात दोन पक्षी.

२० ऑक्टोबर, सोमवार

क्रांतिकारक निर्णय. रजा घेणार. सगळी घेणार. कंपनीला माझी किंमत कळण्याचा तोच एक मार्ग आहे.

प्लॅन: पहिले चार दिवस वहिनींकडे. मग दहा दिवस समुद्रकिनारा. मग व्यायाम. मग माळ्यावरचं सामान. उरलेले दिवस नुसतं बसणं. रंगीत पेनं वापरून तक्ता केला. ही म्हणाली, चारच दिवसांचं करा, बाकी सोडा. हिला मोठा विचार करायची सवय नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

साहेबांना (वयानं माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान, पण साहेब) सांगितलं, चोवीस दिवस जाईन म्हणतो. उत्तर तयार ठेवलं होतं. ते म्हणाले असते, अहो, कसं जमेल. मी म्हटलं असतं, बरं, दहाच.

साहेब म्हणाले, घ्या ना.

मोबाइलमधून वरही पाहिलं नाही. इतक्या सहज 'घ्या' म्हणणं हे बेजबाबदार मॅनेजमेंटचं लक्षण आहे. अशा परिस्थितीत ऑफिस वाऱ्यावर सोडून जाणं मला पटत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांनी आपणहून विचारलं, कधी जाताय? मग म्हणाले, जायच्या आधी फॅनवालीला हँडओव्हर नोट द्या. (ते तिचं खरं नाव म्हणाले.)

ठीक आहे. आता कळेल. अठरा वर्षांचं ज्ञान आहे. शंभर पानं तरी होतील. नोट वाचूनच साहेबांना घाम फुटेल आणि ते म्हणतील, राहू द्या तुमची रजा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हँडओव्हर नोट चालू. अजून पहिलंच पान.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नोट पूर्ण. अशी:

सकाळी सिस्टिम उघडणे.
वेळापत्रक हिरवं झालं आहे का पाहणे.
मंजूर.

फॉन्ट मोठा केला. मग मार्जिन वाढवलं. तरी अर्ध्या पानाच्या पुढे जाईना. शेवटी 'चहा थंड होऊ न देणे' असं एक वाक्य घातलं आणि काढून टाकलं.

वाईट वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. मार्चपासून हे असंच आहे. मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो आणि चिमटा काढला तरी कळत नाही, तसं. फायद्याचं आहे. कामात व्यत्यय येत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांनी नोट वाचली. म्हणाले, सुटसुटीत आहे. त्यांनी ती सगळ्या ऑफिसला नमुना म्हणून पाठवली.

फॅनवाली म्हणाली, एवढंच ना? मी म्हटलं, अनुभव लिहून देता येत नाही. ती म्हणाली, हो का. फॅन माझ्या बाजूला फिरवला. का, कळलं नाही. उकडत नव्हतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वहिनींचा फोन. मीटिंगमध्ये असल्यामुळे घेता आला नाही.

मीटिंग रूम रिकामी होती, म्हणून तिथे जाऊन बसलो होतो. पण मीटिंग रूममध्ये बसलेला माणूस मीटिंगमध्येच असतो. फोन वाजून वाजून बंद झाला. मग पुन्हा वाजला. दिवे आपोआप बंद झाले. तिथल्या दिव्यांना कोणी हललं नाही तर वाटतं, खोलीत कोणी नाही. हात हलवल्यावर लागले.

घरी ही म्हणाली, वहिनींचा फोन का घेत नाही? त्या रडत नाहीत आता. दादांच्या खोलीत जाऊन उभं राहायला तुम्हालाच जमत नाहीये.

मी म्हटलं, मला काहीही वाटत नाही. ही म्हणाली, तेच तर म्हणतेय. आणि ताटं घ्यायला गेली.

५ डिसेंबर, शुक्रवार

धक्कादायक माहिती. सर्दीमुळे सकाळी तासभर उशिरा पोचलो. धावत बटणाकडे गेलो, तर वेळापत्रक आधीच मंजूर. मेकॅनिक केव्हाच बाहेर पडलेले. साहेबांना म्हटलं, सिस्टिम बिघडली. ते म्हणाले, अहो, नऊपर्यंत कोणी बटण दाबलं नाही तर ते आपोआप मंजूर होतं, तुमच्याच नावानं. चार वर्षं झाली ते सेटिंग करून. तुम्हाला माहीत नव्हतं?

मी म्हटलं, माहीत होतं.

दुपारी शांतपणे विचार केला. म्हणजे सिस्टिम आठ ते नऊ, रोज एक तास, माझी वाट पाहते. एवढा मान आजकाल कोण कोणाला देतं?

८ डिसेंबर, सोमवार

रजेचा अर्ज केला. १५ तारखेपासून चार दिवस, वहिनींकडे. बाकी वीस बुडाल्या तर बुडाल्या. माणसानं हावरट असू नये. हिनं माझी जुनी बॅग काढून पुसून ठेवली.

१४ डिसेंबर, रविवार

अर्ज मागे घेतला. वर्षअखेर आहे. अशा वेळी कॅप्टननं जहाज सोडायचं नसतं. सिस्टिम एक तास वाट पाहील, पण एकट्यानं किती वाट पाहायची?

हिला सांगितलं. ही म्हणाली, तुमच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बॅग परत माळ्यावर टाकली. माळ्यावरचं सामान आवरायचंच आहे, प्लॅनमध्ये होतं.

१५ डिसेंबर, सोमवार

आठ वाजून एक मिनिटानं मंजूर. दिवसभर दुसरं काही नाही.

फॅनवालीनं विचारलं, तुम्ही आज जाणार होता ना? मी म्हटलं, जबाबदारी. ती म्हणाली, मी सगळ्या रजा संपवल्या या वर्षी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग पोराच्या परीक्षा, आणि दोन दिवस उगाचच, नुसती झोपले. मी म्हटलं, ऑफिसचं कसं झालं मग? ती म्हणाली, ऑफिसचं काय व्हायचं?

तिला करिअर नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

वहिनींचे दोन फोन. घेतले नाहीत. नंतर करीन म्हटलं. नंतर उशीर झाला.

२८ डिसेंबर, रविवार

ही पहाटेच्या बसने एकटीच वहिनींकडे गेली आणि रात्री परत आली. नखांत भुसा होता. काय झालं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. भात गरम करून दिला. तिनं खाल्ला.

३० डिसेंबर, मंगळवार

जाणार. उद्या. अर्ज वगैरे काही नाही. अर्ज केला की माणूस विचार करायला लागतो, इथेच आजवर चुकत आलं. वहिनी डिसेंबरअखेर घर सोडणार, म्हणजे ३१ ला. सकाळच्या बसने निघालो तर दुपारी पोचतो. खोली बघायची, सांगायचं ते सांगायचं, रात्री परत. उद्या बटणाजवळ मी नाही म्हटल्यावर ऑफिसला काय ते कळेलच. हिला सांगितलं नाही. आयत्या वेळी सांगण्यात मजा असते.

३१ डिसेंबर, बुधवार

दुपारी पोचलो तर वहिनींच्या घराला कुलूप. कडीला 'भाड्याने देणे आहे'ची पाटी.

शेजारचे पोस्टमन (रिटायर झालेले, दादाचे मित्र) बाहेर आले. म्हणाले, वहिनी रविवारीच गेल्या, टेंपो भरून. तुमच्या मिसेसनीच सगळं आवरून दिलं. तुम्हाला माहीत नाही? मी म्हटलं, माहीत आहे. वरातीमागून घोडं आल्यावर दुसरं काय म्हणणार.

मागच्या खिडकीतून पाहिलं. खोली झाडून काढलेली. भिंतीवर हत्यारं टांगायचे खिळे तेवढे राहिलेत. ओळीनं लावलेले. दादाला ओळ वाकडी झालेली चालायची नाही. लहानपणी माझ्या वह्यांवर तोच रेघा मारून द्यायचा.

तिथे रडू आलं. खिडकीचे गज धरून, मोठ्यांदा, ऐकू जाईल असं. दादा गेल्यावर पहिल्यांदाच. दादा, मी आलो, असं एकदा म्हटलंही. आत कोणी नव्हतं.

पोस्टमननी पाणी दिलं. मग त्यांच्या घरातून लाकडाचा सांगाडा आणला. आरामखुर्ची. पॉलिश केलेली, हात गुळगुळीत घासलेले. कापड तेवढं लावायचं राहिलंय. म्हणाले, तुम्ही मापाला आला नाहीत, तर त्यांनी मला बसवून माझ्या पाठीचं माप घेतलं. म्हणायचे, तो साधारण तुमच्याएवढाच आहे. टेंपोत घालत होते, तर तुमच्या मिसेस म्हणाल्या, राहू दे, ते येतील न्यायला.

येतील, असं म्हणाली ही. रविवारी. भुशाच्या हातांनी.

दिवसभरात ऑफिसचा एकही फोन नाही. बसमध्ये खुर्चीचं अर्धं तिकीट घेतलं. घरी पोचलो तर हिनं दार उघडलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि ठेवायला कोपऱ्यात जागा आधीच केलेली होती.

२ जानेवारी, शुक्रवार

ऑफिस. सगळे चौकशी करतील म्हणून आजारपणाची एक गोष्ट तयार करून गेलो होतो. कोणी केली नाही. शेवटी मीच फॅनवालीला म्हटलं, परवा जरा गडबड झाली असेल. ती म्हणाली, का? तुम्ही नव्हतात का परवा?

एचआरबाईंकडे गेलो. म्हटलं, ३१ ला मी रजेवर होतो, एक तरी माझ्या नावावर वापरलेली मांडा. त्यांनी स्क्रीन दाखवला. ३१ डिसेंबर, सकाळी नऊ, वेळापत्रक मंजूर. हजर. म्हणाल्या, तुम्ही तर आला होतात. चोवीसच्या चोवीस बुडाल्या, ऑफिसमधला विक्रम आहे.

मग मी त्यांना मार्चचं पान काढायला सांगितलं. दादा गेला तो दिवस. त्याही दिवशी, सकाळी नऊ, मंजूर. हजर.

म्हणजे त्या दिवशीही माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. आठला दादाच्या घरी बर्फ आणायची धावपळ चालली होती आणि मी दारात उभा राहून घड्याळ पाहत होतो, की आता ऑफिसात सगळं ठप्प झालं असेल. तेवढंच आठवतं. दादाचा चेहरा आठवत नाही.

संध्याकाळी खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसलो. बसायची सोय नाही, पण बघायला चांगली आहे. ही म्हणाली, उद्या जाऊन कापड आणू, जाड, निळं. मी म्हटलं, उद्या बघतो, रजा मिळते का.

ही म्हणाली, उद्या शनिवार आहे. तुमचं ऑफिस बंद असतं.